पत्रेबहाद्दराचं चिलखत

४ फेब्रुवारी

प्रिय मिरी,

तू पाठवलेलं त्या फाशांच्या खेळाचं जाडजूड पुस्तक मिळालं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला, तोही आधी हातोडी खाली ठेवून. ड्रॅगनच्या शेपटीची लांबी दिली आहे, परीच्या पंखांचा रंग दिला आहे, पण चिलखत घातलेला माणूस लघवीला कसा जातो हे एका ओळीत सांगायला या शहाण्यांना जमलेलं नाही. यांचे वीर सकाळी लोखंड अंगावर चढवतात ते पुढच्या भागापर्यंत उतरवतच नाहीत. त्यातच पोहतात, त्यातच दोराला लोंबकळतात, त्यातच मेजवान्या झोडतात आणि रात्री झाडाखाली तसेच आडवे होतात. कुणाच्या पाठीला खाज सुटत नाही की बगलेत घामोळं उठत नाही. लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी घट्ट बूटसुद्धा घातला नसावा.

मी चिलखतांतच आयुष्य काढलंय. रंगमंचाच्या खालच्या खोलीत बसून किती राजे आणि सेनापती पत्र्यात बांधले त्याचा हिशोब नाही. त्यामुळे या विषयात मला कुणी शिकवू नये.

तरी खेळू. फोनवर नाही, फोनवर मला विचार सुचत नाही. खेळात तू जो सरदार होणार तो काय करतो ते तू लिहायचं, मी इथे फासे टाकून पुढे काय झालं ते कळवायचं. नियमावरून भांडण झालं तर शेवटचा शब्द माझा.

तुझ्या ब्रेसचं तुझ्या बापाने कळवलं. कणा एका बाजूला वळतोय म्हणून बगलेपासून कंबरेच्या खालपर्यंत कडक प्लास्टिक, आंघोळ सोडली तर दिवसरात्र, उंची वाढायची थांबेपर्यंत. नाही घातलं तर ऑपरेशन. मी विचारलं, पोरगी काय म्हणते? तर म्हणाला, भिंतीकडे तोंड करून पडते. म्हणून हा खेळ. निदान कागदावर तरी तुला मोकळं हिंडता यावं.

आणि पहिला नियम आत्ताच घाल डोक्यात, तुमच्या पुस्तकात तो नाही. चिलखतात झोपलेल्या योद्ध्याची दुसऱ्या दिवशीची ताकद निम्मी.

तुझी,
आत्या


१५ फेब्रुवारी

आत्या,

तुझा नियम वाचला. अमान्य.

तुझे राजे रात्री घरी जाऊन गादीवर झोपतात. माझा सरदार शत्रूच्या मुलखात आहे. सात टेकड्यांची खिंड ओलांडून त्याला पलीकडच्या किल्ल्यावर पोचायचंय. सोबत घोडा आहे, माणूस नाही. चिलखताचे पट्टे पाठीवर असतात आणि ते आवळायला दुसरा माणूस लागतो, हे तुला माहीत असायला हवं. माझे पट्टे आई आवळते. गुडघा टेकून ओढते आणि दर वेळी विचारते, जास्त झालं का? जास्त व्हायलाच हवं असतं, पट्ट्यावर पेनाने खूण केलेली आहे तिथपर्यंत, पण तरी विचारते. तर सरदाराने चिलखत काढलं तर परत घालणार कोण? घोडा?

म्हणून तो काढत नाही. खिंडीच्या तोंडाशी पोचला, घोडा बांधला आणि चिलखतासकट झोपला. टाक फासे.

शाळेचं विचारू नकोस. वर्गातले बावळट माझ्या पाठीवर टकटक करतात आणि ‘घरात कोणी आहे का?’ विचारतात. रोज हाच विनोद. दुसरा सुचण्याइतका मेंदू सगळ्यांचा मिळूनही भरत नाही. भूगोलाच्या बाई तर वरताण. सगळ्या वर्गाला म्हणाल्या, बघा, ही कशी ताठ बसते. मी बसत नाही हो, मला बसवलंय. लहानपणापासून सगळे ‘पोक काढू नकोस’ म्हणून ओरडायचे, आता ते काम प्लास्टिक करतं आणि कौतुक माझं होतं.

पेन्सिल खाली पडली की मी ती पायाच्या बोटांनी उचलते. त्यात मी आता तरबेज आहे. सरदाराच्या अंगी हा गुण लिहून ठेव.

मिरी


२६ फेब्रुवारी

प्रिय मिरी,

फासे टाकले. पहाटे तीन लुटारू आले. तुझा पत्रेबहाद्दर (आजपासून त्याचं हेच नाव) उठायला गेला तर उठवेना. कासव उलटं झाल्यासारखा हातपाय हलवत पडून राहिला. लुटारूंनी आधी पोट धरून हसून घेतलं, मग घोडा सोडला आणि चालते झाले. त्याला मारायचीसुद्धा गरज त्यांना वाटली नाही. यापेक्षा मोठा अपमान माझ्या फाशांना सुचला नाही.

तुझ्या वर्गातल्या पोरांना सांग, आत्याने विचारलंय, तुमच्या डोक्यावर टकटक केली तर आतून कुणी ओ देतं का?

आता मुद्द्याचं ऐक. आमच्या नाटक कंपनीत सध्या जो राजा आहे तो उंचापुरा, खांद्याने रुंद, आवाज असा की शेवटच्या रांगेतली माणसं दचकून जागी होतात. मध्यंतराचा पडदा पडला की हा गडी पाणी मागत नाही, आधी ‘पट्टे सोडा, पट्टे सोडा’ म्हणून बोंबलतो. दोन तासांत ही गत. आणि तुझा काडीपैलवान महिनाभर त्यात जेवणार, झोपणार? कुणाला सांगतेस! जे चोवीस तास चिलखतात दाखवतात ते लेखक आळशी आहेत. बक्कल काढण्याचं वर्णन करायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

आणि एक लक्षात ठेव. चिलखतात झोपणारा शूर नसतो, भित्रा असतो. सकाळी लढायला तो नालायक. शहाण्या योद्ध्याने रात्री ते काढावं, अंगाला वारा लागू द्यावा आणि उजाडायच्या आत परत चढवावं. अंधारात कोण येतंय बघायला?

आत्या


२० मार्च

आत्या,

उशीर झाला, परीक्षा होती.

तू जिंकलीस. सरदार आता रात्री चिलखत काढतो. आधी त्याला जमेना, पण पाठीमागचे पट्टे आरशात बघून आपले आपण सोडायचे आणि आवळायचे त्याने शिकून घेतलं. घोडा गेल्यावर शिकावंच लागलं. उजाडायच्या आत तो परत तयार असतो.

पहिल्या रात्री त्याला झोप लागली ती अशी की स्वप्नसुद्धा पडलं नाही. तो कुशीवर झोपला. गुडघे पोटाशी घेऊन. हे करता येतं हे तो विसरला होता.

खिंडीतली दुसरी टेकडी चढतोय. टाक फासे.

घरी सगळं ठीक. आई आता पट्टे बघत नाही, माझे मीच करते. ती खूश आहे.

मिरी


४ एप्रिल

प्रिय मिरी,

आली ना गाडी रुळावर! खरं बोललं की आधी राग येतो आणि मग झोप येते, दोन्ही तुझ्या सरदाराला एकदमच मिळालं म्हणायचं.

फासे तर असे पडले की मीच चकित झाले. पत्रेबहाद्दर ताजातवाना असल्यामुळे दुसरी टेकडी धावत चढला, तिसरीवर त्याला त्याचे लुटारू झोपलेले सापडले आणि त्याने आपला घोडा त्यांच्या उशापासून सोडवून आणला. वर त्यांचं सूपही पिऊन आला. हे सगळं का, तर रात्री अंग मोकळं सोडल्यामुळे. तुमच्या पुस्तकात हा नियम असता तर पुस्तकाला निदान रद्दीची किंमत आली असती.

तू पट्टे तुझे तूच करतेस हे वाचून बरं वाटलं. तुझ्या आईला सारखी मागे मागे करायची खोड आहे. पोर मोठी झाली हे आईबापांना सगळ्यात शेवटी कळतं.

आत्या


१७ जून

ताई,

नमस्कार लिहिण्याची इच्छा नाही, पण सवय आहे म्हणून नमस्कार.

काल हॉस्पिटलमधून आलो. नवीन एक्स-रे काढला. वाक जागेवर थांबायला हवा होता, तो वाढला आहे. डॉक्टरांनी विचारलं, ब्रेस रात्रंदिवस घालते ना? मी ‘हो’ म्हणाले. अगदी ठासून म्हणाले. शेजारी बसलेली तुमची भाची शांतपणे म्हणाली, रात्री नाही घालत. का, तर चिलखतात झोपणारा भित्रा असतो आणि सकाळी लढायला नालायक, असं आत्या म्हणते. डॉक्टरांनी मला विचारलं, आत्या कुठल्या हॉस्पिटलला असतात?

काय सांगायचं होतं मी? नाटकवाल्यांसाठी पत्रे ठोकतात म्हणून?

पुढच्या तपासणीपर्यंत हे थांबलं नाही तर ऑपरेशन. पाठ उघडून कण्याला सळ्या लावतात. हे मी तुम्हाला वाचता यावं म्हणून नीट अक्षरात लिहिलं आहे.

चूक माझीही आहे. मी पट्टे बघायचं सोडलं. पण मी निदान विश्वास ठेवून सोडलं. तुम्हाला आयुष्यभर सगळ्यांपेक्षा जास्त कळत आलंय. लग्नात माझ्या साडीपासून तुमच्या भावाच्या नोकरीपर्यंत काही तुमच्या नजरेतून सुटलं नाही. तुमचं पत्र आलं की आम्ही दोघं आधी घाबरतो. घरात एकटी तीच आहे जी ते पळत जाऊन घेते. म्हणून पत्रं बंद करा असं सांगत नाही. सांगता आलं असतं तर आनंदाने सांगितलं असतं.

वहिनी


२ जुलै

प्रिय मिरी,

तुझ्या आईचं पत्र आलं. तिला मी वेगळं लिहिलंय, त्यात काय लिहिलं ते तुला सांगणार नाही.

ऑपरेशन हा शब्द वाचला आणि मी शिडीवर होते तिथेच बसून राहिले. खाली राजा ‘मुकुट कुठेय, मुकुट कुठेय’ करत होता, त्याला म्हटलं, आज बोडकाच जा.

मग मी काय केलं ते ऐक आणि हवं तितकं हस. कपाटातलं सेनापतीचं चिलखत काढलं, सगळ्यात घट्ट होतं ते, आणि आमच्या शिंपिणीकडून पाठीमागून आवळून घेतलं. तिला सांगितलं, मी मेले तरी सोडू नकोस. त्यातच काम केलं. त्यातच जेवले, म्हणजे चार घास खाल्ले, पाचवा जायला जागाच नव्हती. पावाचा चुरा आत गेला तो आतच फिरत राहिला. पायातली चप्पल सुटली ती तशीच फरपटत नेली. रात्री पलंगावर आडवी झाले आणि छताकडे बघत राहिले. कूस बदलायची म्हणजे आख्खी मीच बदलायची. डाव्या फासळीवर पत्र्याची कड होती, ती जागा आधी दुखली, मग जळली, मग मला त्या जागेशिवाय दुसरं काही आठवेना. पहाटे मी शिंपिणीच्या दारावर जाऊन धडका दिल्या. तिने दार उघडलं तेव्हा मी ‘पट्टे सोड’ म्हणून ओरडले. अगदी त्या राजासारखी, त्याच सुरात.

एक रात्र. मला एक रात्र नाही निघाली.

मी दोन तासांच्या राजांवरून आयुष्यभराचे नियम करत होते. आळशी लेखक म्हणून मी ज्यांना हिणवलं त्यांनी निदान कुणाची पाठ वाकवली नाही. मी गाढव आहे, पुस्तक वाचून नाक उडवणारं गाढव.

पण तू? एवढी तिखट पोर, भूगोलाच्या बाईंना मनातल्या मनात भाजून खाणारी, आणि एका पत्रे ठोकणाऱ्या बाईचं ऐकून डॉक्टरांना शेंडी लावतेस? मला न विचारता? माझ्यासमोर सरदाराला पुढे करून? मला तुझा इतका राग आलाय की कागद फाटेल म्हणून हळू लिहितेय.

घाल ते. मी सांगतेय म्हणून नको, माझं सांगणं काय लायकीचं आहे ते आपण पाहिलं. पण घाल.

आत्या


११ जुलै

आत्या,

हसले. चप्पल फरपटत नेली तिथे सगळ्यात जास्त हसले. प्लास्टिकमध्ये हसलं की पोट दुखतं, त्यामुळे तुझ्यावरचा राग अजून वाढला.

पहिली गोष्ट. ‘माझ्यामुळे झालं’ असं म्हणत ऐटीत बसू नकोस. तुझं ऐकून मी काही करत नाही. तू पोक काढू नकोस म्हणायचीस तेव्हा ऐकलं का कधी? मला निमित्त हवं होतं. तू नसतीस तर मी कुणाचं तरी दुसऱ्याचं वाक्य शोधलं असतं. तुझं चांगलं होतं एवढंच. अंधारात कोण येतंय बघायला. एक्स-रे येतो बघायला.

दुसरी गोष्ट. तुझा प्रयोग फुकट गेला. एक तर सेनापतीचं चिलखत तुझ्या मापाचं नाही. माझ्या ब्रेसच्या साच्यासाठी मला उभं करून अंगाभोवती ओलं प्लास्टर गुंडाळलं होतं, बर्फासारखं गार, आणि सुकेपर्यंत हलायचं नाही. ते जे आहे ते माझंच अंग आहे, फक्त सरळ केलेलं. मापाचं असेल तर माणूस त्यात राहतो. तुझ्या राजांना कुणाचंही कुणीही अडकवतं, मग ते बोंबलतात. चूक चिलखताची नाही, शिलाईची आहे. म्हणजे तुझी.

दुसरं म्हणजे तू आत काय घातलं होतंस? नक्की झगा असेल, शिवणीवाला. आत बिनशिवणीचा बनियन लागतो, ताणून, एकही सुरकुती न ठेवता. सुरकुती राहिली की संध्याकाळपर्यंत ती अंगावर कोरली जाते. क्रीम लावायचं नाही, कातडी मऊ पडते. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खायचं. चप्पल आधी घालायची, मग चिलखत. हे तुला सांगावं लागतंय! आयुष्य चिलखतांत काढलंय म्हणे.

तिसरी गोष्ट मी आईला सांगितलेली नाही. सळ्या घातल्या की मग चिलखत आतून असतं. ते आंघोळीलाही काढता येत नाही. पंधरा दिवस मी रोज रात्री हाच विचार केला आणि मग पट्टे आवळले. मी घाबरले आहे. तू म्हणालीस ना, चिलखतात झोपणारा भित्रा असतो. बरोबर आहे. भिते म्हणूनच झोपते. तो नियम तेवढा बदल.

मिरी


१९ जुलै

प्रिय मिरी,

शिलाईचं मान्य. झगाही मान्य, वर त्याला शिवण दोन्ही बाजूंनी होती.

नवा नियम असा. खिंड संपेपर्यंत पत्रेबहाद्दर चिलखत काढणार नाही. दिवसा नाही, रात्री नाही. त्याची ताकद निम्मी होणार नाही, कारण चिलखत त्याच्या मापाचं आहे. आत बिनशिवणीचं वस्त्र आहे. तो भितो, आणि भिऊन पुढे चालतो, आणि त्याबद्दल त्याला भित्रा म्हणणाऱ्याची जीभ फासे न टाकता झडते. पहिली झडलेली माझी समज.

तुमच्या पुस्तकात खिंडीची लांबी दिलेली नाही. मलाही ती माहीत नाही. मी खोटं सांगणार नाही की पलीकडचा उजेड दिसतोय.

राजाला मी आता मापाचं चिलखत करून देतेय. ओल्या प्लास्टरमध्ये उभा केला तेव्हा किंचाळला. मला बरं वाटलं.

आत्या


८ जानेवारी

आत्या,

एक्स-रे झाला. वाढला नाही. कमीही झाला नाही, तिथेच आहे. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा. आईने त्यांच्यासमोरच रडायला सुरुवात केली आणि मग रुमाल नाही म्हणून माझ्या दप्तरातलं नकाशाचं पान घेतलं. भूगोलाचं असल्यामुळे मी घेऊ दिलं.

पाठीवर टकटक करणाऱ्यांपैकी एकाचा हात मोडला. प्लास्टर आहे. मी त्यावर टकटक केली नाही. फक्त त्याच्याकडे बघितलं. तो दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

सरदार पाचव्या टेकडीवर. चिलखतात. टाक फासे.

मिरी


३ नोव्हेंबर, त्याच्या पुढचं वर्ष

आत्या,

काल माझी उंची परत मोजली. मागच्या दोन वेळेइतकीच भरली. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, बस झालं, काढा. पाठ सरळ नाही झाली, होणार नव्हतीच, पण वाकायची थांबली. ऑपरेशन नाही.

बाबा गाडीत बसल्यावर दहा मिनिटं गाडी सुरूच करेनात. आई म्हणाली, आधी आत्याला कळव. हो, तीच म्हणाली. तिचे शब्द असे होते, ‘कळव त्यांना, नाहीतर त्या अजून एखादं चिलखत घालून बसतील.’

आता सरदाराचं. तो खिंडीतून बाहेर पडला. मला माहितीये, तू फासे टाकणार आणि लिहिणार की त्याने चिलखत काढलं, त्याला पिसासारखं हलकं वाटलं आणि तो किल्ल्याकडे धावत सुटला. तुझ्या नाटकांत असंच होतं आणि लोक टाळ्या वाजवतात. तुम्हा लोकांना काही कळत नाही. या वेळी मी सांगते.

चिलखत काढल्यावर सगळ्यात आधी थंडी वाजते. हवा पोटाला लागते आणि ती नकोशी वाटते. मग डोकं जड होतं, कारण इतके दिवस खांद्याखाली आधार होता. त्याला चालताना वाटतं, आपण मधूनच मोडू. पेन्सिल पडली तर तो सवयीने पायाने उचलतो आणि मग त्याला आठवतं. त्याला हसायचं असतं पण तो आधी थोडा रडतो, घोड्याच्या मानेत तोंड घालून, कुणी बघत नाही म्हणून. तो धावत नाही. किल्ला समोर असूनही जात नाही.

तो एका दगडावर जाऊन बसतो. कोपर गुडघ्यावर, हनुवटी हातात, पाठीचा हा एवढा गोल करून. मस्तपैकी पोक काढून बसतो.

फासे टाकू नकोस. आणि ‘ताठ बस’ असं जर त्याला कुणी म्हणालं ना, तर मी खेळ सोडीन.

मिरी